'इल्ला' म्हणजे किती?

मी सांगलीत एका कॉलेजला भूगोल शिकवते, तासिका तत्त्वावर, म्हणजे पगार तासाचा आणि कामं दिवसभराची. उन्नत भारत अभियान पण असंच माझ्या गळ्यात आलं. केंद्राची योजना आहे, २०१४ ला सुरू झाली, २०१८ ला दुसरा टप्पा, वर सगळं आयआयटी दिल्ली बघते, आणि भाग घेणाऱ्या कॉलेजनं किमान ५ गावं घ्यायची, घरोघर सर्व्हे करायचा, मग गावाबरोबर बसून काय करता येईल ते ठरवायचं. कागदोपत्री याला गाव दत्तक घेणं म्हणतात. हा शब्द मला कधीच पटला नाही, गाव आपल्या कॉलेजपेक्षा कैक शतकं जुनं आणि दत्तक घेणार आपण! असो.

आमची चार गावं मिरजेच्या आसपासची, पाचवं मात्र पार जतच्या पूर्व भागात, संखच्या पुढं. एवढ्या लांबचं का घेतलं ते संस्थेलाच माहीत. पोरांना हा भाग माहीत होता तो फक्त बातम्यांतून, २०२२ ला कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या ४० गावांवर हक्क सांगितला होता ना, तेवढंच. इथं निम्म्याहून जास्त घरात कन्नड बोलतात हे मला ऐकून माहीत होतं, पण माहीत असणं आणि त्याची तयारी करून जाणं यात फरक असतो तो त्या दिवशी कळला.

डिसेंबर होता. सकाळी साडेआठला टेम्पोतून उतरलो, शाळेच्या पडवीत पोहे खाल्ले आणि पोरं दोन-दोनच्या जोडीनं पांगली. फॉर्म इंग्रजीत. मी रात्री बसून त्याचं मराठी केलेलं, आणि समोर आजी बसलेली जिला मराठी कळतं पण उत्तर कन्नडमधून येतं. घरात माणसं किती, संडास आहे का, गॅस आहे का, जनावरं किती, पाण्याची सोय काय, विहीर आहे का, बोर आहे का. पोरं हातवारे करत, शेजारच्या शाळकरी पोराला मध्ये घालत भरभर फॉर्म भरत होती. बारापर्यंत ३८ घरं झाली आणि मी मनात खूश, म्हटलं चारला निघू.

पडवीत बसून फॉर्म चाळत होते. चालू बोर ९. बाकी २९ घरांत 'नाही'. मला जरा विचित्र वाटलं, कारण येताना रस्त्याच्या कडेला जिथं तिथं राखाडी भुकटीचे ढीग दिसलेले, बोर मारल्यावर पडतात तसे. पण म्हटलं असेल दुसऱ्या कुणाचं.

तेवढ्यात आमची एक पोरगी आली, मूळची उमदीकडची, म्हणजे याच कन्नड बोलणाऱ्या भागातली, सकाळचा टेम्पो चुकला म्हणून एसटीनं दोन गाड्या बदलत आलेली. तिला जेवू पण दिलं नाही मी, एका फॉर्मवर वय राहिलं होतं म्हणून तिला घेऊन त्या आजींकडं गेले. तिनं कन्नडमधून विचारलं आणि आजी जी बोलायला लागली ती थांबेचना. पोरगी मध्येच माझ्याकडं वळून म्हणाली, "मॅडम, यांच्या बोरला नाही का लिहिलंय? त्या म्हणतात बोर आहेत की, तीन आहेत."

सकाळी आमच्या पोरानं विचारलेलं, "आजी, बोर?" आजी म्हणालेली, "नीर इल्लप्पा." पाणी नाही रे बाबा. त्यानं 'इल्ला' ऐकलं आणि नाही वर टिक मारली.

आजीनं आम्हाला घरामागं नेलं. एक भोक शहाबादी फरशीच्या तुकड्यानं झाकलेलं, दुसऱ्यात सिमेंटचं पोतं कोंबलेलं, तिसऱ्यावर बूड गेलेलं घमेलं पालथं आणि त्यावर दगड. तिनं दगड सरकवला, घमेलं उचललं, एक खडा घेतला आणि आत सोडला. केसिंगला, म्हणजे आतल्या पाइपला, टण, टण असा लागत गेला, मग नुसतं खरडल्यासारखं, मग काहीच नाही. पाण्यात पडल्याचा आवाज नाही. आम्ही वाट बघत वाकून उभ्या.

पहिलं ४२० फूट, सुनेचं गंठण मोडून. दुसरं ५१०, कुणाकडून तरी शेकड्यानं काढून. तिसरं ६००, माडग्याळी मेंढ्या विकून, घरच्या कळपातल्या. पोरगा-सून सध्या ऊसतोडीला. बोर मारायची गाडी तमिळनाडूची होती, तिरुचेंगोडची, हे पण तिला पाठ, आणि पाणाड्यानं नारळ हातावर ठेवून जागा दाखवलेली.

मी दर वर्षी वर्गात शिकवते की आपल्याकडं खाली बेसॉल्ट, पाणी राहतं ते भेगांत नाहीतर दोन थरांच्या मधल्या सांध्यात, भेग लागली तर लागली, नाहीतर ६०० फुटांवर पण फुफाटाच. परीक्षेला ५ मार्काला येतं हे. पण त्या फुफाट्याचे पैसे कुणी भरले हा प्रश्न मी कधी काढला नाही.

मग चारला निघायचं बारगळलं. पोरांच्या तळहातावर पेनानं लिहून दिलं, 'फेल बोर एष्टु?', म्हणजे किती, आणि सगळ्या ३८ घरी परत पाठवली. यावेळी लोक बोलायला लागले हो. सकाळी हो-नाहीत उत्तरं देणारी माणसं पोरांना हाताला धरून रानात घेऊन गेली. एक गोष्ट मला अजून नवल वाटते, घरातल्या पोरांच्या जन्मतारखा नीट सांगता येत नव्हत्या पण कुठलं बोर किती फूट गेलं ते अगदी फुटाला पक्कं. कारण बिल फुटावर असतं.

संध्याकाळी बेरीज केली, ३८ घरांत ७१ फेल बोर, मिळून ३२ हजार फूट. आमचं एक ट्रेकवेडं पोरगं पटकन म्हणालं, "मॅडम, जवळजवळ सहा कळसूबाई झाली, उलटी." कुणी हसलं नाही.

रात्री मारुतीच्या देवळात बैठक होती. मी शोषखड्डे, सोलर दिवे, गांडूळ खत असं पीपीटी नेलं होतं, ते तसंच राहू दिलं आणि फक्त हा आकडा वाचला. शांतता. मग मागून एकजण उठला, "बाई, हे लिहून कुठं पाठवणार तुम्ही?" त्याचं बरोबर होतं. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरच्या खाली जायला बंधन आहे, म्हणजे २०० फूट धरा, आणि इथं ४०० च्या आतलं एकही नव्हतं. पंधरा-वीस मिनिटं नुसता गोंधळ. कुणी म्हणे यादी फाडा, कुणी म्हणे म्हैसाळ योजनेचं पाणी इकडं वेळेत आलं असतं तर कोण मारतंय बोर. शेवटी ठरलं ते असं की नावं सगळी काढायची, गट नंबर पण नाही, फक्त बोर आणि फूट. मी त्यांच्यासमोर नावांचा कॉलम डिलीट केला, सरपंचांनी लॅपटॉपमध्ये डोकं घालून खात्री केली.

कॉलेजात आल्यावर वरून सांगण्यात आलं, फॉरमॅटमध्ये फेल बोरचा कॉलम नाही, तुम्ही नवीन काढू नका. भांडून थोडाच उपयोग, मी वेगळी शीट जोडली.

पण गावात एक झालं. त्या ७१ पैकी १९ उघडी होती, नाहीतर पोत्या-घमेल्यानं झाकलेली, आणि आजूबाजूला पोरं खेळतात. सुप्रीम कोर्टानं २०१० लाच सांगितलंय की पडीक बोर तळापासून वरपर्यंत भरून घ्या, पण भरणार कोण आणि कधी, तोवर निदान तोंड तरी बंद करू म्हणून गावातल्याच वेल्डरकडून लोखंडी टोपणं करून घेतली. पैसे आमच्या कॅम्पच्या फंडातून, मजुरी त्यानं घेतली नाही. दोन बोर ओढ्याकाठी होती, तिथं रिचार्ज, म्हणजे पावसाचं पाणी बोरमधून जमिनीत जिरवायचं ठरलं, पण आधी वाळू-खडीचा फिल्टर खड्डा करून मगच, ओढ्याचं गढूळ पाणी थेट आत सोडलं तर बोरही बुजतं आणि खालचं पाणीही नासतं. ते काम अजून अर्धवट आहे, खरं सांगायचं तर.

आजीनं दोन टोपणं बसवू दिली. तिसऱ्याला नाही म्हणाली, बिजागरी आणि कुलूप लाव म्हणाली. वेल्डरनं लावून दिलं, किल्ली तिच्या पदराच्या गाठीला.

आत्ता ऑगस्टमध्ये परत गेलो होतो, चार दिवस पाऊस पडून गेलेला. आजीनं गाठ सोडली, कुलूप काढलं, खडा आत सोडला आणि मान तिरकी करून ऐकत बसली. उमदीची पोरगी तिच्याशेजारी उकिडवी.

"इल्ला," आजी म्हणाली, आणि परत कुलूप लावलं.