'इफ'च्या बाजूला 'वुड' नको

आज दिवसभर इंग्रजी ईमेलचे मसुदे तपासले. एकच चूक पुन्हा पुन्हा दिसत होती: 'इफ आय वुड हॅव नोन, आय वुड हॅव टोल्ड यू.'

ही चूक का होते ते मराठीत बघा. 'मला माहीत असतं तर मी सांगितलं असतं.' आपल्याकडे दोन्ही बाजूंना 'असतं' येतं, म्हणून इंग्रजीतही दोन्हीकडे 'वुड हॅव' टाकावंसं वाटतं. पण प्रमाण लिखित इंग्रजीत अटीच्या बाजूला 'हॅड नोन' हवं. 'वुड हॅव' फक्त परिणामाच्या बाजूला. पुढे घडू शकणाऱ्या गोष्टीचंही तसंच: 'इफ इट रेन्स, वी विल कॅन्सल.' तिथे 'इफ इट विल रेन' चालत नाही. (विनंतीत मात्र 'इफ यू विल वेट हिअर' बरोबर आहे, कारण तिथे 'विल' म्हणजे समोरच्याची तयारी.)

याहून जास्त नुकसान 'मस्ट' करतं. वरिष्ठांना 'यू मस्ट सेंड द फाइल बाय फ्रायडे' लिहिलं की तो थेट हुकूम होतो. 'कुड यू सेंड द फाइल बाय फ्रायडे?' लिहा. मुदत तीच राहते, सूर बदलतो. प्रत्येक वाक्यात 'प्लीज' पेरून हे साधत नाही; 'प्लीज सेंड' हीसुद्धा आज्ञाच असते.

आणि 'मस्ट नॉट' म्हणजे मनाई. 'यायची गरज नाही' म्हणायचं असेल तर 'यू डोन्ट हॅव टू कम'. इथे गल्लत झाली तर बोलावलेला माणूस दुखावतो आणि का दुखावला ते आपल्याला कळतही नाही.