तुम्ही विचारलेत म्हणून : घरासाठीची दुकाने मी कशी शोधते

घरी येणाऱ्यांपैकी बरेच जण बैठकीतल्या तांब्याच्या घंगाळावरून हात फिरवतात, खिडकीतला चिकाचा पडदा उलटून पाहतात आणि मग ठरलेला प्रश्न विचारतात : "अशी दुकाने तुम्हाला सापडतात तरी कुठे?" पत्ता द्यायला माझी मुळीच हरकत नसते, परंतु नुसत्या पत्त्याने काम भागत नाही, कारण यांपैकी कित्येक ठिकाणांना ना पाटी आहे, ना काचेचे दर्शनी कपाट. म्हणून पत्त्याऐवजी पद्धत सांगते. जी वस्तू हवी आहे ती घडते कुठे आणि बिघडली तर दुरुस्त कुठे होते, एवढे आधी विचारावे. विकणारा तिथेच किंवा दोन दारे सोडून भेटतो. पुण्याच्या जुन्या पेठांमध्ये एकेका व्यवसायाची आळीच वसलेली असल्यामुळे ही पद्धत तिथे विशेष फळते.

घंगाळ कसबा पेठेतल्या तांबट आळीतले आहे. पेशवाईच्या काळात कोकणातून आलेल्या त्वष्टा कासार कुटुंबांची ही वस्ती, आणि ती शोधायला डोळ्यांपेक्षा कान अधिक उपयोगी पडतात, कारण हातोड्यांचा आवाज वळणाच्या अलीकडेच ऐकू येतो. एकेकाळी हंडे, घागरी आणि अंघोळीच्या पाण्याचे बंब हे इथले मुख्य काम होते. स्टेनलेस स्टील आणि गिझर घरोघरी आल्यावर ती मागणी आटली आणि आता त्याच हातांनी दिव्यांच्या छत्र्या, तबके, कुंड्या आणि हॉटेलांसाठीची भांडी घडू लागली आहेत. तांब्याच्या पत्र्यावर ओळीने ठोके घालून जी खळ्यांची नक्षी उठवतात तिला मठारकाम म्हणतात. ते केवळ शोभेसाठी असते असा अनेकांचा समज आहे. वास्तविक तांबे मऊ असल्यामुळे ठोक्यांनी पत्रा कठीण होतो आणि भांडे सहजासहजी चेपत नाही. प्रकाश त्यावर तुकड्या-तुकड्यांनी खेळतो, हा वरचा लाभ. हाताने मठारलेल्या भांड्यात प्रत्येक ठोका शेजारच्या ठोक्याहून किंचित निराळा असतो. सगळ्या खळ्या तंतोतंत सारख्या दिसल्या, तर ते यंत्राचे काम आहे असे खुशाल समजावे. साधे भांडे बहुधा वजनावर मिळते, म्हणजे धातूचा भाव आणि त्यावर मजुरी, त्यामुळे किमतीचा हिशेब समोरच उलगडतो. मॉलमधल्या दालनांत हीच वस्तू लॅकर चढवून, पुठ्ठ्याच्या देखण्या पेटीत घालून ठेवलेली असते. तिथे आपण पेटीचेही पैसे मोजतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

पितळी भांड्यांच्या बाबतीत मी कोणत्याही दुकानदाराआधी कल्हईवाल्याला विचारते. भांडे तापवून, नवसागर टाकून, वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने आतून फिरवताना कोणाचे बूड जाड आहे आणि कोणाचा पत्रा पातळ आहे, हे त्याला जितके कळते तितके विकणाऱ्यालाही कळत नसेल, आणि स्वतःचा माल खपवायचा नसल्यामुळे तो मोकळेपणाने सांगतो. नवे पितळी पातेले स्वयंपाकासाठी घेणार असाल, तर कल्हई करूनच वापरा. आंबट पदार्थ कल्हईशिवायच्या पितळेत किंवा तांब्यात कळकतात.

बांबूचे पडदे, टोपल्या, सुपे आणि रोवळ्या बुरुडांकडे मिळतात. तयार माल पाहून झाला की माप देऊन हवे ते करवून घेता येते, आणि ही सोय इतकी सहज उपलब्ध असूनही ती फारच थोडे लोक वापरतात याचे मला नवल वाटते. कागद ठेवायची उभी टोपली असो वा दिव्याची छत्री, एक चित्र आणि लांबी-रुंदी पुरते. ताजा कळक हिरवा असतो आणि पुढे पिवळसर होतो, तेव्हा रंग बदलला म्हणून तक्रार करू नये. मात्र टोपलीखाली बारीक भुसा पडलेला दिसला, तर कीड लागली आहे असे ओळखून ती घेऊ नये.

मातीच्या कुंड्या आणि माठ यांसाठी मुंढव्याजवळच्या केशवनगरात जावे, तिथे कुंभारांची मोठी वस्ती आहे. बोटाच्या पेराने वाजवून खणखणीत आवाज येईल तेच भांडे घ्यावे. कड्या, बिजागऱ्या, मुठी आणि पितळी खिळे रविवार पेठेतल्या बोहरी आळीत मिळतात. जुन्या बाजारात हौसेने जावे, पण ठरवून एखादी वस्तू आणायला जाऊ नये.

मंडई आणि तुळशीबाग तुम्हाला माहीतच आहेत, त्यामुळे एवढेच सांगते की तुळशीबागेत पूजेची उपकरणी आणि पितळी भातुकली पाहावी, बाकीची गर्दी टाळली तरी चालेल. मंडईची दगडी इमारत 1886 साली उघडली तेव्हा तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव होते. नगरपालिकेचे सभासद असताना महात्मा फुले यांनी या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला होता, आणि पुढे तिला नाव मात्र त्यांचेच देण्यात आले.

राहिली फुले. घराजवळच्या पुष्पगुच्छांच्या दुकानातून मी फुले क्वचितच घेते, कारण तिथे सेलोफेन आणि फितीच अधिक असतात. गुलटेकडीच्या मार्केट यार्डातला फुलबाजार पहाटे गाठावा. झेंडू, शेवंती आणि सुटी गुलछडी किलोवर, अष्टर जुडीने, डच गुलाब वीस नगांच्या गड्डीने, असा तिथला व्यवहार असतो. एका घराला एवढी फुले नको असतील तर शेजारणीला सोबत न्यावे. फुलदाणीसाठी गुलछडीची काडी घ्यावी. ती खालून वर उमलत जाते, म्हणून तळाच्या दोन-तीन कळ्या नुकत्या उघडलेली काडी निवडली, तर रोज नवी फुले मिळतात. जरबेराचा देठ फार पाण्यात कुजतो, त्याला फुलदाणीत थोडेच पाणी ठेवावे. दसऱ्याच्या आणि गौरी-गणपतीच्या आठवड्यात भाव चढलेले असतात आणि बाजारात पाय ठेवायला जागा नसते. घर सजवण्यासाठीच फुले हवी असतील, तर एखादा साधा मंगळवार पाहून जावे.