पानशेतच्या पुरानंतरची भावंडे : कुमार कादंबरीच्या दुसऱ्या खर्ड्याची प्रगती

कादंबरीच्या मधल्या भागाचे पुनर्लेखन या महिन्यात पूर्ण झाले. त्यात एका निर्णयाने सगळ्या कथेचा तोल बदलला आणि कुमारवयीन वाचकांसाठी लिहिणाऱ्या सोबत्यांना त्याविषयी सविस्तर सांगावेसे वाटते. सुधा आणि माधव यांच्या प्रेमाला होणारा मुख्य विरोध आता वडिलांचा राहिलेला नाही. तो सुधाच्या ११ वर्षांच्या धाकट्या भावाचा, चंदूचा आहे.

कथा १२ जुलै १९६१ रोजी सुरू होते. त्या सकाळी पानशेतचे धरण फुटले, दुपारी खडकवासल्याची भिंतही गेली आणि पुण्यातल्या मुठेकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. शनिवार पेठेत ओंकारेश्वराजवळच्या वाड्यात राहणाऱ्या तीन भावंडांपैकी थोरला वसंता शेजारच्या म्हाताऱ्या आजींना बाहेर काढण्यासाठी मागे फिरतो आणि परत येत नाही. पूर दिवसाउजेडी आला म्हणून असंख्य लोकांना उंचावर जाऊन जीव वाचवता आला. सुधा आणि चंदूही त्यामुळेच वाचतात, आणि आपण वाचलो याची बोच दोघांच्या मनात वेगवेगळ्या रीतीने घर करते. पुराचे प्रत्यक्ष वर्णन मी थोडक्यात आटोपले आहे. मला लिहायचे आहेत ते नंतरचे महिने: दिव्यांवाचून काढलेल्या रात्री, खडकवासल्याचे पाणी बंद झाल्यामुळे विहिरींवर लागलेल्या रांगा, आणि भिंतीवर उरलेली गाळाची रेघ.

माधव हा वसंताचा मित्र, कसब्यातल्या तांबट आळीत मठारकाम, म्हणजे तांब्याची भांडी ठोकून घडवण्याचे काम, करणाऱ्या घरातला. त्या काळी त्यांच्यासारख्या आंतरजातीय विवाहाला कायद्याची आडकाठी नव्हती. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात वधूचे किमान वय १५ आणि वराचे १८ होते, मात्र वधूला १८ पूर्ण नसतील तर पालकांची संमती लागत असे, आणि सुधा १७ वर्षांची आहे. १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करावी, तर मुलाला २१ पूर्ण व्हावी लागतात, आणि माधव १९ वर्षांचा आहे. त्यामुळे पळून जाऊन लग्न करणे ही वाटच या दोघांपुढे राहत नाही, आणि मला तेच हवे होते. त्यांना त्याच घरात, त्याच माणसांसमोर राहून आपले प्रेम निभवायचे आहे.

पहिल्या खर्ड्यात सुधाचे वडील, अण्णा, बरेच बोलत असत. आता ते एकदाच म्हणतात, "या घरात तो विषय नको," आणि पुढे बोलत नाहीत. करड्या बापाच्या विरोधात उभे राहणे पंधरा-सोळा वर्षांच्या वाचकाला सोपे जाते, कारण चूक कोणाची हे त्याला आधीच ठाऊक असते. ज्या भावाला रोज रात्री थोपटून झोपवायचे, त्याच्याच विरोधात उभे राहणे मात्र फार अवघड आहे, आणि माझी सुधा या ठिकाणी मला प्रथमच खरी वाटू लागली.

हे वैर वसंताच्या सायकलवरून सुरू होते. गाळातून काढलेली ती सायकल दोघे भावंडे मिळून साफ करतात, त्या प्रसंगातला हा तुकडा:

"चंदूने फ्रीव्हीलमध्ये रॉकेल ओतले आणि त्यातून गढूळ पाणी गळायचे थांबेपर्यंत तो चाक उलटे फिरवत राहिला. 'ताई, बेल मी दुरुस्त करणार नाही. ती दादाच करेल.' सुधा आऱ्यांवरून फडके फिरवत राहिली. दादाला अग्नी देऊन महिना होऊन गेला होता."

पुढे घरात पाणी भरून देण्यासाठी माधव ती सायकल नेतो आणि जाता जाता, कोणी न सांगता, बेल नीट करतो. संध्याकाळी बोळात बेल वाजते. चंदू जेवणावरून उठून खरकट्या हाताने दाराशी धावतो, आणि समोर कॅरिअरला घागर बांधलेला माधव उभा असतो. माधवचा यात काडीचाही दोष नाही आणि चंदूला त्याला क्षमा करणेही शक्य नाही; या दोन्ही गोष्टी वाचकाला एकाच वेळी पटाव्यात म्हणून हे प्रकरण मी सुधाच्या डोळ्यांतून लिहिले आहे, कारण दोघांवरही तिचेच प्रेम आहे.

भाऊबिजेचे प्रकरण अजून बाकी आहे. सुतकाच्या वर्षात सण नाही, तरी चंदू स्वतःच पाट मांडून बसतो. सायकलच्या कुलपाची किल्ली त्याने लपवलेली आहे, आणि ती त्याने तबकात ओवाळणी म्हणून टाकावी असा मोह मला होतो आहे. पण इतक्या लवकर तो नमेल, असे मला वाटत नाही. तूर्त तो साठवलेले काही नवे पैसे टाकतो आणि किल्ली खिशातच ठेवतो.

शेवटच्या भागात कुटुंब गोखलेनगरच्या पूरग्रस्त वसाहतीत राहायला जाते. तांबट आळीपासून तिथवर भरली घागर घेऊन सायकलने जाताना माधवला कुठे उतरून चालावे लागेल, हे समजण्यासाठी तो रस्ता मी स्वतः सायकलने पालथा घालणार आहे, आणि त्यानंतरच ते प्रकरण लिहायला घेईन.