गोळी चुकल्याचा तिसरा दिवस

माझ्या दादाला स्किझोफ्रेनिया आहे आणि गेली सहा वर्षे त्याचे उपचार आम्ही जिल्ह्याच्या सिव्हिलमध्येच घेत आहोत. सरकारी दवाखान्यात मनाचे डॉक्टर असतात तरी का, असे अनेक जण विचारतात. आमच्या जिल्ह्यात आहेत. मंगळवारी ओपीडी असते आणि केसपेपर काढून, दोन तास बाकावर बसून नंबर आला की डॉक्टर दादाचे म्हणणे नीट ऐकून घेतात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम 1996 साली सुरू झाला नसता, तर आम्हाला येरवड्याच्या मनोरुग्णालयाखेरीज दुसरा रस्ता ठाऊकही नसता. त्यामुळे या व्यवस्थेविषयी मी कृतज्ञतेनेच लिहीत आहे.

आमचा खरा प्रश्न तज्ज्ञ भेटण्याचा नव्हता, तो पुढे सुरू झाला. दोन वेगवेगळ्या औषधांचा पुरेसा गुण न आल्याने डॉक्टरांनी दादाला क्लोझापिन सुरू केले. इतर औषधांना दाद न देणाऱ्या आजारातही हे औषध गुणकारी ठरते, परंतु त्याने रक्तातील पांढऱ्या पेशी धोकादायक प्रमाणात घटू शकतात. म्हणून पहिले 18 आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायचे होते. आमच्या गावाहून सिव्हिल एसटीने अडीच तासांवर आहे. दादा त्या खेपांना कंटाळला, आई थकली, पण आम्ही एकही तपासणी चुकवली नाही, कारण तो खरोखरच सुधारत होता. तिसऱ्या महिन्यात त्याने आपणहून दाढी केली आणि अंगणात येऊन शेजारच्या काकांना "पेरणी झाली का?" असे विचारले. आई स्वयंपाकघरात पदर तोंडाशी धरून उभी राहिली होती.

मग एका मंगळवारी औषधांच्या खिडकीवर उत्तर मिळाले, "संपल्यात. पुढच्या आठवड्यात बघा." खिडकीतल्या माणसाचा दोष नव्हता, त्याच्याकडे साठाच आला नव्हता. तालुक्याच्या एकाही मेडिकलमध्ये ती गोळी ठेवत नाहीत, आणि जिल्ह्याच्या दुकानदाराने मागवून देतो म्हणून तीन दिवस घेतले. हे औषध दोन दिवसांहून अधिक काळ चुकले, तर पूर्वीची मात्रा एकदम देता येत नाही, 12.5 मिलिग्रॅमपासून पुन्हा हळूहळू वर चढावे लागते. महिनोन्‌महिने कमावलेले तीन दिवसांत गेले. तिसऱ्या रात्री दादा झोपला नाही आणि भिंतीआड कोणी बोलते आहे असे पुन्हा सांगू लागला. मी टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर फोन केला. पलीकडच्या ताईंनी मराठीत, अतिशय शांतपणे, त्याच्याशी वाद घालू नका आणि सकाळी त्याला डॉक्टरांकडे न्या, असे सांगितले. त्या आधाराने ती रात्र निभावली.

मानसिक आरोग्य काळजी कायदा 2017 मी त्यानंतर शब्दन्‌शब्द वाचला. कलम 18 नुसार, सरकारने ठरवलेल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतील औषधे सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सर्व सरकारी दवाखान्यांत सदैव आणि विनामूल्य मिळाली पाहिजेत. आमच्यासाठी याचा अर्थ तालुक्याचे ग्रामीण रुग्णालय. "सदैव" हा शब्द कायद्यातच आहे, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो, कारण या आजारात पहिल्या भेटीइतकीच, किंबहुना तिच्याहून अधिक, सलगता मोलाची असते. तज्ज्ञ नेमला पण त्याने लिहिलेली गोळी महिन्याच्या महिन्याला आली नाही, तर त्या तज्ज्ञतेचा रुग्णाला उपयोग किती?

मी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावे लेखी अर्ज दिला, तारखांसह, आणि पोच घेतली. अर्जात एवढेच मागितले की, क्लोझापिनवरील रुग्णांची नोंद वेगळी ठेवावी आणि साठा महिनाभराचा उरला असतानाच पुढची मागणी जावी. विभागातील समाजसेविका ताईंनी त्याचा पाठपुरावा केला. आता त्यांच्या टेबलावर एक शंभर पानी वही असते; तीत दादासह अकरा जणांची नावे आहेत आणि प्रत्येकापुढे गोळ्या संपण्याची तारीख लिहिलेली आहे. दादाची पुढची तारीख 14 आहे. मी 10 लाच एसटी धरणार आहे.