उद्या अण्णांची तारीख

बांधाच्या भांडणावरून शेजाऱ्यांनी अण्णांवर मारहाणीची खासगी फिर्याद थेट कोर्टात टाकलीय. नोटीस अण्णांनी देवघरात ठेवली होती, कोपऱ्याला हळदीचं बोट लागलेलं. आता अटकच होणार, असं ते धरून बसले होते. वकीलताईंनी समजावलं: १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ प्रमाणे, फिर्यादीची दखल घेण्याआधी दंडाधिकाऱ्यांना आरोपीला म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते. जुन्या कायद्यात ही सोय नव्हती. मला ती फार मोलाची वाटते.

सातबारा, मोजणीचा नकाशा, वकीलपत्र फाईलला लावलं. अण्णा मात्र तिसऱ्यांदा विचारतात, "साहेबांसमोर टोपी काढायची का गं?"

धोतर खुंटीला टांगलंय. सकाळी सहाची एसटी.