३० सप्टेंबरचा पट आणि जानेवारीचा वर्ग

आठवी ते दहावी, प्रत्येकी एकच तुकडी. अशा शाळेत दोन मुलं कमी झाली तरी टक्केवारी कोलमडते, म्हणून पट, म्हणजे शाळेत नोंदलेल्या मुलांची यादी, नावानिशी बघावा.

सुरुवात एप्रिलमध्येच करायची. आजूबाजूच्या जिल्हा परिषद शाळांतून सातवीच्या याद्या घ्याव्यात आणि जुलैअखेर आठवीच्या हजेरीशी एकेक नाव ताडावं. न जुळणाऱ्या नावाचं घर गाठावं. मुली गळतात त्या बऱ्याचदा अंतरापायी. एसटीचा मोफत पास आहे, पण शाळा सुटताना गाडीच नसेल तर तो काय कामाचा? वेळ बदलून घेण्यासाठी मुख्याध्यापकांनी आगाराला लेखी पत्र द्यावं.

मग यू-डायस प्लस, म्हणजे शाळांची आणि विद्यार्थ्यांची माहिती भरायची सरकारी ऑनलाइन प्रणाली. आधीच्या शाळेनं मूल ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्यांच्या यादीत, सोडल्यावरच पेन क्रमांकानं (विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक) ते आपल्याकडे घेता येतं. तोवर ते वर्गात बसतं, पटावर मात्र नसतं. घाईनं नवी नोंद केली तर एकाच मुलाच्या दोन नोंदी होतात. आधार पडताळणी अडते ती बहुतेक जन्मतारखेवर किंवा नावावर: जनरल रजिस्टरला (शाळेच्या प्रवेश नोंदवहीत) आडनाव आधी, आधारवर शेवटी, त्यात स्पेलिंग वेगळं. आधी जन्माचा दाखला बघा, मग चूक जिथे असेल तिथेच दुरुस्त करा. पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे नव्यानं द्यावे लागतात, म्हणजे नेमके नववी-दहावीत. त्याचीही यादी हवी.

प्रवर्गाचा रकाना आडनावावरून कधीही भरू नये. यू-डायसला सर्वसाधारण, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर मागास एवढेच गट पुरतात. राज्याच्या शिष्यवृत्तीला विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास असे वेगळे लागतात. शाळेच्या वहीत सविस्तर प्रवर्गच लिहावा.

संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार याची मंजुरी, ३० सप्टेंबरच्या पटावर होते. बीडसारख्या जिल्ह्यात त्यानंतर महिनाभरातच कोयत्याचा, म्हणजे ऊसतोडीचा, हंगाम लागतो आणि आईबापांबरोबर मुलंही कारखान्याला जातात. कागदावरचा पट तसाच राहतो, नववीचे बाक रिकामे पडतात. मला हा सगळ्यात गंभीर भाग वाटतो, कारण कुठलाही तक्ता तो विचारत नाही. कुणाचं घर तोडीला जातं, मागे आजी-आजोबा राहतात का, हे सप्टेंबरातच नोंदवावं. जानेवारीत पुन्हा नावानिशी मोजणी करावी आणि परतलेल्या मुलाला हजेरीचं कारण सांगून दारातून फिरवू नये. जे नववीतूनच सुटलं, त्याला पुढे १७ नंबरचा फॉर्म भरून (खासगी विद्यार्थी म्हणून) दहावीला बसता येतं; त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला लागतो, तो अडवून ठेवू नका.