टॉर्च वितळतोय

दुबईत ऑगस्ट महिन्यात मला येणारे फोन बहुतेक एकाच कारणाचे असतात: टँक तापला. लोक सुट्टीला गावी गेलेले असतात, घरातला एसी बंद किंवा अगदी कमी ठेवलेला असतो आणि सगळा भार टँकचं पाणी थंड करणाऱ्या यंत्रावर, एकट्या चिलरवर येतो. घरोघरच्या रीफ टँकची, म्हणजे जिवंत प्रवाळ ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाक्यांची देखभाल हा माझा व्यवसाय, म्हणून या महिन्यात मी शहर सोडत नाही. त्या सकाळचा फोन मात्र जरा वेगळा होता. नाशिकहून आदल्या रात्रीच परतलेल्या एका घरातला नववीतला मुलगा आपल्या टॉर्च नावाच्या प्रवाळाबद्दल सांगत होता, "मावशी, टॉर्च वितळतोय. पण पाणी एकदम ओके आहे, मी सगळ्या टेस्ट केल्या."

टेस्ट खरोखरच चांगल्या होत्या. पाण्याची घनता १.०२६, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलण्याची ताकद) ८.३ डीकेएच (तिचं माप), कॅल्शियम लिटरमागे ४२० मिलिग्रॅम, तापमान २५.६ अंश. त्याच्या आईचं म्हणणं होतं की ताबडतोब अर्धं पाणी बदलावं. मी म्हटलं, "नको ताई. आजारी प्राण्याला आणखी एक धक्का नको. फक्त वेव्हमेकर, तो लाटा उठवणारा पंप, बंद करा आणि मी येईपर्यंत कशाला हात लावू नका."

टॉर्च म्हणजे युफिलिया जातीचा प्रवाळ. चुनखडीच्या फांद्या, प्रत्येक फांदीच्या टोकाला एक डोकं आणि त्यावर लांब, चमकत्या टोकांचे शुंडक. नीट वाढलेल्या टॉर्चमध्ये डोक्याखालची फांदी नुसता उघडा सांगाडा असते, दोन डोक्यांमध्ये जिवंत मांस जोडलेलं नसतं. ही रचना ठाऊक असेल तर उपचाराची निम्मी वाट दिसते.

या टॉर्चला आठ डोकी होती. तिघांवर तपकिरी चिकट गोळा बसला होता आणि चौथं एका कडेने आक्रसलं होतं. तपकिरी दिसलं की लोक लगेच एकच रोग धरून चालतात, पण तसं दिसण्याची कारणं तीन-चार तरी असतात. डायटमचा, म्हणजे सूक्ष्म तपकिरी शैवालाचा थर असेल तर तो शेजारच्या वाळूवर आणि काचेवरही दिसतो. सायनोबॅक्टेरिया या प्रकाशावर वाढणाऱ्या जिवाणूंची साय चादरीसारखी सलग निघते. आणि ताणाखाली आलेला प्रवाळ स्वतःच्या पेशींत राहणारं शैवाल तोंडावाटे बाहेर टाकतो, तेव्हा तपकिरी धागे दिसतात. ते पाहून माणूस घाबरतो, पण खालचं मांस शाबूत असतं. म्हणून मी बारीक नळीने गोळ्याचा थोडा भाग ओढून पाहिला. खाली मांस नव्हतं, पांढरा सांगाडा होता. नळी नाकाजवळ नेली तर कुजका वास, इतका उग्र की मुलगा मागे सरला. हे ब्राऊन जेली होतं, प्रवाळाचं मांस वितळवणारा रोग.

त्याच्याकडे शाळेच्या प्रकल्पासाठी घेतलेला सूक्ष्मदर्शक होता. एक थेंब त्याखाली ठेवला. सिलिएट या वर्गातले एकपेशीय जीव सैरावैरा पोहत होते आणि त्यांच्या पोटात तपकिरी दाणे गच्च भरलेले होते. ते दाणे म्हणजे प्रवाळाचंच शैवाल. जेलीला तपकिरी रंग त्यानेच येतो. सिलिएट हे मूळ कारण, की आधी जिवाणू घुसतात आणि हे मागून खायला येतात, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. घरच्या टँकपुरतं एवढं कळलं तरी पुरतं: एकदा सुरुवात झाली की एक डोकं काही तासांतही जाऊ शकतं, आणि पाण्याच्या झोतात उडालेला तुकडा शेजाऱ्यावर पडला तर तोही जातो. वेव्हमेकर बंद करायला सांगितलं ते म्हणूनच.

पण निरोगी टॉर्चला हे उगाच होत नाही. मी कंट्रोलरवरचा, म्हणजे टँकवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रावरचा तापमानाचा आलेख उघडला. त्या क्षणाचं तापमान सगळेच पाहतात, मागचा आठवडा क्वचित कुणी पाहतं. चार दिवसांपूर्वी दुपारी तापमान ३१ च्या वर गेलं होतं, सलग तीन दुपारी तेच, आणि रात्री पुन्हा खाली. टँकच्या कॅबिनेटचं दार उघडलं तर चिलर आत बंदिस्त. स्वतःच फेकलेली गरम हवा तो पुन्हा आत ओढत होता. एसी चालू असताना ते खपून जात होतं, घर बंद झाल्यावर नाही.

इथे एक गोष्ट मला दरवेळी थक्क करते. त्या घरापासून थोड्याच अंतरावरच्या समुद्रात उन्हाळ्यात पाणी ३४ अंशांच्या पुढे जातं आणि तिथले प्रवाळ जगतात. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या पेशींत उष्णता सोसणारं वेगळं शैवाल असतं, २०१५ साली त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली. इंडोनेशियाहून आलेल्या टॉर्चकडे तो आधार नाही. त्याला ३१ म्हणजे ताप.

मग काम सुरू केलं. हातमोजे आणि चष्मा आधी, कारण त्याच खडकावर झोअँथिड (प्रवाळांचे मऊ नातलग) होते आणि त्यांच्यातलं पॅलिटॉक्सिन हे विष डोळ्यात गेलं तर फार महागात पडतं. सगळे पंप बंद. आधी नळीने जेली जेवढी निघेल तेवढी बादलीत ओढली, ते पाणी टँकमध्ये परत जाणार नव्हतं. मग पाण्याखालीच टॉर्च एका डब्यात घेतला आणि डब्यासकट बाहेर काढला. जिवंत मांसापासून बरंच खाली, कोरड्या सांगाड्यावर कटर लावला. पहिल्या फटक्याला मुलाने डोळे मिटले. त्याला दाखवलं की कापलेल्या जागी काहीच जिवंत नाही. पुढचे तुकडे त्यानेच धरले.

तीन डोकी फेकायचीच होती. चार स्वच्छ होती. प्रश्न त्या आक्रसलेल्या चौथ्याचा. माझं मत टाकून द्यावं असं होतं. मुलगा म्हणाला, "मावशी, एक संधी देऊ या ना." दिली, पण वेगळ्या टबात, वेगळ्या पाण्यात, वेगळ्या नळीसह.

मग डिप, म्हणजे औषधी पाण्यात बुडवणं: टँकच्याच पाण्यात लुगॉल आयोडीन हे जंतुनाशक टाकलं, पातळ कोऱ्या चहाचा रंग येईल इतकंच, आणि डोकी पंधरा मिनिटं त्यात ठेवून पिपेटने हळूच पाणी मारत राहिले. नंतर दोनदा स्वच्छ खाऱ्या पाण्यात धुतली. मग हॉस्पिटल टँक: चाळीस लिटर, हीटर, छोटा पंप, मंद दिवा. काही जण पहिल्याच दिवशी सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक वापरतात. वेगळ्या भांड्यात, गरज पडली तर मीही वापरते. पण अँटिबायोटिक मुख्य टँकमध्ये कधीच नाही. तिथल्या खडकांतले जिवाणूच पाणी शुद्ध ठेवत असतात.

काम चालू असताना त्याच्या आईने विचारलं की नाशिकच्या घरी असा टँक करता येईल का. मी स्पष्ट नाही म्हटलं. भारतात दगडी प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. घरी बाळगणं, विकणं, समुद्रातून उचलून आणणं गुन्हा आहे. मी मालवणची. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळचे प्रवाळ लहानपणापासून पाण्याखाली पाहिलेत, आणि त्यातला एकही तुकडा घराच्या काचेत यावा असं मला वाटत नाही.

चौथं डोकं रात्रीच गेलं, सकाळी टबात जेली होती. मुलाने स्वतःच फोटो पाठवला आणि विचारलं, "बाकीच्यांना आजच पुन्हा डिप देऊ का?" मी थांबायला सांगितलं, एक दिवस आड. दुसऱ्या डिपनंतर दोन डोक्यांनी शुंडक बाहेर काढले, आठवडा उलटेपर्यंत चारही उघडली. चिलर आता कॅबिनेटबाहेर, युटिलिटीच्या खोलीत आहे. तापमान २७ च्या वर गेलं की फोनवर अलार्म वाजतो, त्यांच्याही आणि माझ्याही. मुख्य टँकमध्ये परत न्यायची घाई मुलाला आहे, पण महिनाभर जेली दिसली नाही तरच, असं आमचं ठरलंय.